हेस्टरकूम : घराकडे पाठ करून बघायची बाग

शेवंती

इंग्लंडमधल्या जुन्या जमीनदारी घरांच्या बागांचे फोटो इथे अधूनमधून येतात आणि आपण सगळे फुलांवर आणि हिरवळीवर खूश होतो. मला आज अशा एका बागेबद्दल लिहायचंय जी ऐन जानेवारीत, फुलांचा पत्ता नसताना सगळ्यात चांगली कळते. मी इकडे बागा आखण्याच्याच कामात आहे. उतारावरच्या जमिनीचं काम आलं की अजूनही मनात पहिल्यांदा हीच बाग येते, म्हणून हा धागा.

सॉमरसेटमध्ये टॉन्टनच्या उत्तरेला, क्वान्टॉक टेकड्यांचा दक्षिण उतार खाली येतो तिथे हेस्टरकूम हाऊस आहे. समोर टॉन्टनचं सखल, शेतांचं खोरं, आणि त्याच्या पलीकडे क्षितिजावर ब्लॅकडाउन टेकड्या. जागा म्हणाल तर भाग्याची. घर मात्र बेढब. जुन्या वास्तूवर १८७० च्या दशकात पोर्टमन घराण्याने व्हिक्टोरियन थाटाचं बांधकाम चढवलं. त्याच वेळी हेन्री हॉल या वास्तुविशारदाने घरासमोर एक रुंद टेरेस बांधली : मध्ये कारंजं, बाजूने आखीव वाफे, त्या काळाच्या पद्धतीप्रमाणे.

१९०४ साली पहिल्या व्हायकाउंट पोर्टमनच्या नातवाने, ई. डब्ल्यू. बी. पोर्टमनने, या टेरेसच्या खालचा उतार एडविन लुटियन्सच्या हाती दिला. हो, नवी दिल्ली आखणारा तोच वास्तुविशारद. तेव्हा तो पस्तिशीचा होता आणि दिल्लीचा विषयही निघाला नव्हता. झाडांची आखणी बाग-रचनाकार गर्ट्रूड जीकल यांची. त्यांनी साठी ओलांडली होती. काम १९०८ पर्यंत चाललं.

आता लुटियन्ससमोरची अडचण बघा. घर पाडता येत नाही. हॉलची टेरेस तशीच ठेवायची. आणि खाली उतार. कुणीही केलं असतं ते म्हणजे भराव टाकून टेरेसखाली दुसरी टेरेस, तिच्याखाली तिसरी, मधोमध एक सरळ जिना. लुटियन्सने उलटं केलं. त्याने मधला भाग खणून खाली घेतला. हा खोलगट चौक म्हणजे 'ग्रेट प्लॅट'. त्याच्या पूर्वेला आणि पश्चिमेला एकेक लांब, अरुंद, थोडी उंच पातळी ठेवली आणि दक्षिणेची चौथी बाजू लांबलचक पर्गोलाने, म्हणजे खांबांवरच्या वेलींच्या मांडवाने, बंद केली. चौकाच्या कोपऱ्यांत पाव वर्तुळाच्या पायऱ्या आहेत. म्हणजे आपण चौकात मधून उतरत नाही, कोपऱ्यातून उतरतो आणि समोर एकदम तिरका कर्ण दिसतो. चौकाची आखणीही कर्णांवरच आहे : फरशीच्या आणि गवताच्या वाटा तिरक्या कापत जातात आणि मधले त्रिकोण झाडांचे.

एक पातळी खाली उतरलं की काय होतं? वरून हा चौक आखलेल्या नकाशासारखा सपाट दिसतो. खाली गेलात की डेल्फिनियम आणि गुलाब डोळ्यांच्या उंचीला येतात, नकाशा नाहीसा होतो आणि आपण झाडांमध्ये असतो. बाजूच्या उंच पट्ट्यावर गेलं की पुन्हा तिसरंच दृश्य. आपली उंची मीटर-दीड मीटरने बदलली की बाग बदलते. टेरेसची बाग म्हणजे हेच, असं माझं ठाम मत झालंय. पाहणाऱ्याने कुठे, किती उंचीवर उभं राहायचं आणि तिथून त्याला काय दिसू द्यायचं, हे आधी ठरतं. झाडं त्यानंतर.

आणि पर्गोला! सुमारे ७० मीटर लांब. दगडी खांब एक गोल, एक चौकोनी, एक गोल, एक चौकोनी असे आळीपाळीने, वर ओकचे जाड वासे. त्यावर गुलाब, क्लेमॅटिस, हनिसकल. पर्गोलात उभं राहून दक्षिणेला बघितलं की दोन-दोन खांबांच्या मधून खोऱ्याचा एकेक तुकडा दिसतो. एवढा मोठा देखावा एकदम अंगावर येत नाही, तुकड्यातुकड्यांनी मिळतो. यात घर पाठीमागे राहतं, आणि लुटियन्सला तेच हवं होतं असं मला वाटतं. सगळी बाग तुम्हाला हळूहळू दक्षिणेकडे तोंड करायला लावते.

दोन्ही बाजूंच्या उंच पट्ट्यांवरून पाण्याचे पाट जातात, सुमारे ४० मीटर लांबीचे. सुरुवातीला भिंतीत खोल गोलसर कोनाडा आहे, त्याच्या कमानीवर दगडी मुखवटा, आणि मुखवट्याच्या तोंडातून बारीक धार खालच्या गोल कुंडात पडते. कोनाड्याच्या आत सावली असते, त्यामुळे पाणी काळं दिसतं आणि धारेने उठलेली वलयं तेवढी उजळतात. तिथून पाणी गवताच्या मधोमध, दगडी काठांच्या पाटातून निघतं. पाट इतका अरुंद की सहज ओलांडावा. थोड्या-थोड्या अंतरावर दगडी काठ दोन्ही अंगांना वळसा घेऊन छोटे गोल खण करतो आणि त्यांत आयरिससारखी पाणथळ झाडं आहेत. शेवटी, पर्गोलाजवळ, चौकोनी कुंडात कमळिणी. गवत, दगड, पाणी, एवढंच. माझ्या दृष्टीने अख्ख्या बागेतला हा सर्वांत सुंदर भाग आहे आणि यात फूल जवळजवळ नाहीच.

पूर्वेच्या अंगाला ऑरेंजरी आहे, लिंबू-संत्र्यांच्या कुंड्या थंडीत आत ठेवायची इमारत. तिच्यापुढे थोडा चढ चढून 'डच गार्डन'. इथे आणखी एक पेच होता. ऑरेंजरीकडची जमीन चौकाच्या रेषेला समांतर नाही, ती कोन करून जाते. दोन रेषा अशाच जोडल्या असत्या तर कोपरा वेडावाकडा दिसला असता. तिथे लुटियन्सने उघड्या आकाशाखाली भिंतींचं एक गोल अंगण केलं, 'रोटंडा', मध्ये गोल कुंड. वर्तुळात शिरल्यावर आपण कोणत्या दिशेने आलो हे शरीर विसरतं, आणि दुसऱ्या दाराने निघताना दिशा बदललेली कुणाला जाणवतही नाही. इतकं साधं उत्तर. कितीतरी वेळ मी त्या अंगणात नुसती गोल फिरत होते.

जीकलबाईंबद्दल प्रतिसादांत लिहीन, नाहीतर लेख फारच लांबेल.

---

साळुंकी

वा, काय सुरेख समजावून सांगितलंस! चौक खाली घेण्याचा मुद्दा तर कधी लक्षातच आला नसता. वाचनखूण साठवली. जीकलबाईंबद्दल लवकर लिही.

---

रानवारा

उत्तम धागा. एक शंका. मध्ये चौक, बाजूने पाण्याचे पाट, दगडी काठ, कुंडं... हे सरळ सरळ मुघल चारबाग नाही का? राष्ट्रपती भवनातली बाग मी पाहिली आहे, तिथेही पाट आहेतच. मला वाटतं लुटियन्सने आपल्याकडचं उचललं आणि इंग्लंडमध्ये वापरलं, पण श्रेय कुणी देत नाही.

---

शेवंती

रानवारा, शंका रास्त आहे, पण काळाचा क्रम उलटा आहे. लुटियन्स भारतात पहिल्यांदा आला १९१२ मध्ये, नव्या राजधानीची जागा ठरवणाऱ्या समितीवर. हेस्टरकूम त्याच्या चार वर्षं आधी पूर्ण झालं होतं. त्याहीआधी, १९०१ च्या सुमारास, बर्कशायरमध्ये सॉनिंगच्या डीनरी गार्डनमध्ये त्याने असाच अरुंद पाट केला होता. म्हणजे हा विचार त्याच्या हातात आधीपासून होता. इस्लामी बागांमधले पाट स्पेनमार्गे युरोपाला शतकानुशतकं ठाऊक होते, त्यामुळे दूरचं नातं आहेच. पण दिल्ली बघून हेस्टरकूम झालं, असं नाही.

खरा दुवा उलट्या दिशेने आहे आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. व्हाइसरॉयच्या घराला, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनाला, मुघल पद्धतीची बाग असावी हा आग्रह व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी हार्डिंज यांचा, काश्मीरच्या बागा पाहून त्यांच्या मनात तो आला. त्या १९१४ मध्येच गेल्या. बाग प्रत्यक्षात झाली १९२८-२९ च्या सुमारास, आणि झाडांची बाजू विल्यम मस्टो यांनी सांभाळली. तोवर लुटियन्सने हेस्टरकूमसारख्या बागांत पाणी, दगड आणि गवत एकमेकांत कसं विणायचं हे चांगलं घोटून घेतलं होतं. दिल्लीत त्याला जमीन जवळजवळ सपाट मिळाली. म्हणून तिथे दोन उत्तर-दक्षिण आणि दोन पूर्व-पश्चिम असे रुंद पाट चौरस पाडतात, आणि ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे कमळाकृती कारंजी आहेत. पातळ्यांचा खेळ त्याने मुख्यतः पश्चिम टोकाच्या गोल बागेत केलाय. ती मध्याकडे पायरी-पायरीने उतरते, प्रत्येक पायरीवर फुलं आणि तळाशी पाणी. ती आणि हेस्टरकूमचा रोटंडा एकामागून एक बघा, हात एकाच माणसाचा आहे हे कळतं.

२०२३ पासून त्या बागेचं नाव अमृत उद्यान आहे. साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये लोकांना बघायला मिळते.

---

रानवारा

धन्यवाद, १९१२ चं लक्षात आलं नव्हतं. गोल बाग पाहिल्याचं आठवतंय. तेव्हा गर्दीत पुढे ढकलले गेलो. आता पुन्हा जाणं आलं.

---

नाना_वाईकर

मी फलोत्पादनाच्या नोकरीतून निवृत्त झालो, त्यामुळे माझं लक्ष साहजिकच झाडांवर. शेवंती, फोटोत चौकातल्या वाफ्यांच्या कडेला मोठ्या, जाड, चकचकीत पानांची रांग दिसते, ती बर्जेनिया ना? असेल तर सर्वांना सांगतो, हिमालयातला आपला पाषाणभेद याच कुळातला. मुतखड्यावर त्याची मुळं वापरतात. तिकडे बहुधा सायबेरियाकडची जात असेल, पण भाऊबंद एकच. दगडाच्या कडेला लावायला याच्यासारखं झाड नाही : पान बारमाही, थंडीत तांबूस होतं, आणि कडेवर किंचित लवंडून दगडाची सरळ रेघ मोडतं.

बाईंनी कोणती झाडं कुठे लावली याची यादी मिळाली तर द्या.

---

शेवंती

नाना, अगदी बरोबर ओळखलंत, बर्जेनियाच. पाषाणभेदाचं माहीत होतं, पण तुमच्यासारखं नेमकं सांगता आलं नसतं. आता जीकलबाईंवर येते.

१८४३ चा जन्म. साउथ केन्सिंग्टनच्या कलाशाळेत चित्रकला शिकल्या, भरतकाम, चांदीकाम सगळं केलं. नजर मुळातच फार अधू होती, आणि पन्नाशीच्या आसपास डोळ्यांच्या डॉक्टरांनी बारीक काम सोडायला लावलं. मग सगळी रंगांची समज बागेत ओतली. लुटियन्स त्यांना १८८९ मध्ये भेटला तेव्हा तो वीस वर्षांचा पोरगा होता. दोघं त्यांच्या तट्टूगाडीतून सरे परगण्यातल्या आडवाटा धुंडाळायची, जुनी खेडूत घरं कशी बांधलीत, कौलं कशी उतरतात, भिंत जमिनीला कशी टेकते, हे बघत. तो त्यांना लाडाने 'आंट बम्प्स' म्हणायचा. पुढे त्यांचं स्वतःचं घर, मन्स्टेड वुड, त्यानेच बांधलं, १८९६-९७ मध्ये.

त्यांची पद्धत अशी. एका जातीची झाडं गोल घोळक्यात न लावता लांबट, अरुंद, तिरक्या पट्ट्यांत लावायची. पट्टा फुलला की तो लांबलचक दिसतो. फुलोरा संपला की बाजूचे पट्टे त्याला झाकून टाकतात आणि भगदाड पडत नाही. लाल ओरिएंटल पॉपी जूनमध्ये फुलून वाळतात आणि जागा उजाड होते, तिथे त्या शेजारी जिप्सोफिला लावायच्या, आपल्याकडे फुलवाले गुच्छात भरतात तीच बारीक पांढरी. पॉपी आटोपली की जिप्सोफिलाचा फुगा त्या जागेवर पसरतो. म्हणजे नकाशात जागेबरोबर महिनाही मांडलेला असायचा.

हेस्टरकूममध्ये व्हिक्टोरियन टेरेसच्या भिंतीच्या पायाशी 'ग्रे वॉक' आहे. लॅव्हेंडर, कॅटमिंट, सँटोलिना, स्टॅकिस, रोझमेरी, सगळी राखाडी-रुपेरी पानांची, निळ्या-जांभळ्या-पांढऱ्या फुलांची मंडळी. कडक उन्हात, निचऱ्याच्या जमिनीत, दगडाच्या ऊबेला. याच्या मानाने खालच्या चौकात रंग भरघोस आहेत : डेल्फिनियम, पिओनी, लिली, गुलाब. नाना, तुम्ही कडेच्या रेघेचं म्हणालात तेच त्यांनी सगळीकडे केलंय. लुटियन्सची प्रत्येक कड कुठे ना कुठे झाडाने मोडलेली आहे. आणि पायऱ्यांच्या, फरशीच्या फटींतून मेक्सिकन डेझी उगवते, छोटी पांढरी-गुलाबी. ती काढून टाकली तर तीच पायरी कोरडी, सरकारी दिसेल.

---

दगडफूल

मी बांधकामवाला, झाडांतलं कळत नाही. पण भिंतींबद्दल जरा सांगा. चौक खाली घेतला म्हणजे चारही बाजूंनी मातीचा दाब आणि पाणी आतच येणार. इंग्लंडमध्ये पाऊस बारमाही. शंभर-सव्वाशे वर्षं त्या भिंती कशा टिकल्या? आणि दगड कोणता?

---

शेवंती

दगड दोन प्रकारचा. भिंती, खांब, फरशी यांचा मुख्य दगड म्हणजे मॉर्ट स्लेट, घरामागच्या डोंगरातल्या खाणीतूनच काढलेला. पातळ थरांचा, करड्या छटेचा, घडवायला कठीण, म्हणून बारीक-बारीक लाद्या एकावर एक रचून वापरलाय. जिथे कोरीव, गुळगुळीत काम हवं तिथे सॉमरसेटमधलाच हॅम स्टोन, मधासारख्या रंगाचा. ऑरेंजरी बघताना हा फरक ठळक दिसतो. खडबडीत करड्या भिंती उतार धरून ठेवतात आणि पिवळा दगड मिरवतो.

टिकण्याचं कारण : कोकणातल्या कुणाला विचाराल तर गडग्याचं, म्हणजे चुन्याशिवाय रचलेल्या दगडी बांधाचं, जे शास्त्र, तेच. जीकलबाईंचा कोरड्या भिंतींवर फार जीव होता. भिंत किंचित मागे, डोंगराच्या अंगाला झुकलेली ठेवायची, थरही मागे कलते, म्हणजे पडलेलं पाणी आत मुळांना मिळतं. चुन्या-सिमेंटने सांधे बंद नसले की मागचं जादा पाणी फटींतून गळतं आणि दाब साचत नाही. बाईंचं म्हणणं असं की झाडं भिंत बांधतानाच थरांमध्ये, मुळांना माती देऊन बसवावीत. नंतर फटीत कोंबलेली रोपं जगत नाहीत. मी स्वतः दोन्ही करून पाहिलंय, आणि त्यांचं शब्दशः खरं आहे.

हेस्टरकूममधल्या सगळ्याच भिंती कोरड्या नाहीत, मोठ्या उंचीच्या भिंती जोडकामाच्या आहेत. पण खालच्या उंचीला हा विचार दिसतो.

---

दगडफूल

मागे झुकवण्याला आमच्याकडे 'बॅटर' देणे म्हणतात. आजकाल काँक्रीटची सरळ भिंत घालतात, पाणी निघायला भोकं ठेवायची विसरतात आणि दुसऱ्या पावसाळ्यात पोट फुगतं. हे वाचून बरं वाटलं.

---

निरंजन_४७

सगळं सुंदर आहे, पण मला या धाग्यात एक गोष्ट हवी होती ती आली नाही. पैसा. असल्या बागा कुणाच्या जिवावर झाल्या? वसाहतींमधून लुटलेल्या संपत्तीवरच ना? सौंदर्याबद्दल बोलताना हे सोडून देणं मला पटत नाही.

---

शेवंती

निरंजन, हा प्रश्न विचारायलाच हवा. अनेक घरांबाबत उत्तर 'हो' असंच आहे. वेल्समधल्या पोविस कासलमध्ये क्लाइव्ह घराण्याने भारतातून नेलेल्या वस्तू आजही मांडलेल्या आहेत, आणि त्या घराच्या टेरेसच्या बागाही जगप्रसिद्ध. ते डोळ्यांआड करून त्या बागेबद्दल लिहू नये.

हेस्टरकूमच्या पोर्टमन घराण्याची मुख्य संपत्ती मात्र लंडनची जमीन. ट्यूडर काळात त्यांच्या पूर्वजाने, सर विल्यम पोर्टमनने, मॅरिलबोन भागात जमीन मिळवली. तेव्हा ती शेतं होती. अठराव्या शतकात शहर तिथवर आलं, पोर्टमन स्क्वेअर, बेकर स्ट्रीटचा परिसर उभा राहिला, आणि भाड्याचं उत्पन्न पिढ्यान्‌पिढ्या येत राहिलं. म्हणजे हा पैसा लंडनच्या भाडेकरूंचा. त्या शहराच्या भरभराटीत साम्राज्याचा वाटा होता हे उघडच आहे, आणि म्हणून तुमचा मुद्दा पूर्णपणे निकालात निघत नाही. शिवाय अशा बागेचा रोजचा भार माळ्यांच्या हातांवर असायचा, आणि त्यांची नावं बहुतेक कुठेच राहत नाहीत. ही खंत मलाही आहे.

ज्याने हे करवून घेतलं त्या पोर्टमनला बाग फार लाभली नाही. १९११ मध्ये तो वारला, वडिलांच्या आधीच. म्हणजे बाग पुरी झाल्यावर तीन वर्षं. त्याची पत्नी कॉन्स्टन्स मात्र १९५१ मध्ये मरेपर्यंत तिथे राहिली.

---

निरंजन_४७

उत्तर पटलं. पोविसबद्दल स्वतंत्र धागा काढा, मी त्यात लिहीन. कॉन्स्टन्सबाईंनंतर काय झालं? ही घरं तर युद्धानंतर धडाधड पाडली गेली ना?

---

शेवंती

हो, विसाव्या शतकात इंग्लंडमधली शेकडो कंट्री हाऊसेस पाडली गेली. वारसा कर, दोन महायुद्धं, नोकर मिळेनात. हेस्टरकूम वाचलं ते वेगळ्याच वाटेने. दुसऱ्या महायुद्धात इथे ब्रिटिश आणि अमेरिकन सैन्य होतं. १९४४ मध्ये इस्टेट राजसत्तेची मालमत्ता सांभाळणाऱ्या 'क्राउन इस्टेट' या संस्थेकडे गेली. आणि १९५० च्या दशकात घर सॉमरसेटच्या अग्निशमन दलाचं मुख्यालय झालं!

साहजिकच बाग ओसरत गेली. दलाकडे बंब होते, माळी कुठून असणार? वाफे सोप्या झाडांनी भरले गेले, जीकलबाईंची रचना विरली. पण लुटियन्सचा दगड उभा होता आणि ते हाडं-सांधे शाबूत असल्यामुळेच पुढचं शक्य झालं. १९७३ पासून काउंटी कौन्सिलने बाग पुन्हा उभी करायला घेतली. जीकलबाईंच्या लागवडीचे काही मूळ नकाशे तर बागेतल्याच शेडमध्ये मिळाले. त्यांच्या कागदपत्रांचा मोठा साठा अमेरिकेतल्या बीट्रिक्स फॅरंड या बाग-रचनाकार बाईंनी विकत घेऊन जपला होता, तो कॅलिफोर्निया विद्यापीठात बर्कलीला आहे. इंग्लंडच्या मातीतल्या बागेचा नकाशा प्रशांत महासागराकाठी सांभाळला गेला, तो एका बाईने ओळखलं म्हणून. फॅरंडबाईंचे उपकार फार मोठे आहेत.

जीकल-लुटियन्स बागांपैकी इतक्या कसोशीने पुन्हा लावल्या गेलेल्या पहिल्या काही बागांत हेस्टरकूम येतं.

---

गारवेल

माझं मत जरा वेगळं आहे. मी वारसा-जतनाच्या क्षेत्रात काम करते. इमारत १९०८ च्या स्थितीला नेता येते, बाग नाही. झाड वाढतं, मरतं, रोग येतात, हवामान बदलतं. जीकलबाईंनी स्वतः मन्स्टेड वुडमध्ये दरवर्षी वाफे बदलले. मग त्यांचा एका वर्षीचा नकाशा कायमचा गोठवून ठेवणं त्यांच्या स्वभावाला धरून आहे का? उद्या एखादं गुलाबाचं वाण मिळेनासं झालं तर काय करणार?

---

नाना_वाईकर

गारवेलताईंशी मी अर्धा सहमत. वाण बदलावं लागणारच. जुनी वाणं रोगाला बळी पडतात, रोपवाटिकांतून नाहीशी होतात. पण उंची, पानाचा पोत, फुलायचा महिना आणि रंग, या चार गोष्टी जुळल्या पाहिजेत. नाहीतर सोयीचं म्हणून कुणीतरी बिगोनिया लावेल आणि झालंच काम.

---

शेवंती

गारवेल, गोठवणं मलाही नको आहे. पण हेस्टरकूममध्ये नकाशा धरण्याला एक सबळ कारण आहे. इथे दगड आणि झाड एकत्र विचार करून ठेवलेत. पाटाच्या गोल खणांत उंच काहीतरी उभं वाढलं तरच तो लांब आडवा पट्टा तुटतो. बर्जेनिया काढून तिथे काटेकोर कापलेलं बॉक्सवुड लावलं तर तिरके त्रिकोण सुरीसारखे दिसतील. मन्स्टेड वुड ही त्यांची प्रयोगशाळा होती, तिथे त्या रोज होत्या. इथे त्यांनी दुसऱ्याच्या दगडाला उत्तर दिलंय. तो दगड बदललेला नाही, मग उत्तर बदलताना फार जपून.

त्या काळात इंग्लंडात या विषयावर केवढा वाद पेटला होता हेही सांगते. १८९० च्या दशकात वास्तुविशारद रेजिनल्ड ब्लोमफील्ड म्हणत होते, बाग हा घराचाच भाग, तो वास्तुविशारदाने आखावा, भिंती-टेरेस-कापलेली कुंपणं हेच बागेचं खरं रूप. बागकामावर लिहिणारे विल्यम रॉबिन्सन म्हणत, हे दगडकाम पुरे, झाडाला झाडासारखं वाढू द्या. दोन्ही बाजू एकमेकांना कडक शब्दांत झोडत होत्या. जीकलबाई रॉबिन्सनच्या स्नेही आणि काम मात्र वास्तुविशारदाबरोबर! हेस्टरकूम बघताना वाटतं की तो वाद इथे मिटला. रेषा ब्लोमफील्डला पटतील अशा, आणि त्यांवर झाडं रॉबिन्सनच्या मनासारखी.

---

गारवेल

दुसऱ्याच्या दगडाला उत्तर, हा मुद्दा मान्य. पण मग नकाशाबरोबर तो नकाशा कुठे-कुठे सोडला याचीही नोंद ठेवायला हवी, वर्षागणिक. पुढच्या पिढीला खरं काय आणि आपण काय घातलं ते कळेल.

---

शेवंती

शंभर टक्के. माझ्या कामात मीही आता लागवडीच्या नकाशावर बदलाची तारीख आणि कारण लिहून ठेवते.

---

पाणपोई

शेवंतीताई, खूप आवडलं. आम्ही रेडिंगला राहतो. जूनमध्ये आई-बाबा येताहेत, त्यांना न्यायचं मनात आहे. आईचे गुडघे दुखतात. इतक्या पातळ्या आणि पायऱ्या तिला झेपतील का? आणि फुलांसाठी जून बरा ना?

---

शेवंती

पाणपोई, जून उत्तम. गुलाब, डेल्फिनियम, पिओनी साधारण त्या सुमाराला असतात, ग्रे वॉकही रंगात येतो. टॉन्टनला पॅडिंग्टन-एक्सेटर मार्गावरची गाडी आहे, रेडिंगहून सोयीचं. स्टेशनवरून पुढे टॅक्सी करा.

आईंसाठी असं करा. व्हिक्टोरियन टेरेसवर आधी न्या. तिथल्या कठड्यापाशी उभं राहून अख्खा चौक, दोन्ही पाट, पर्गोला आणि पलीकडचं खोरं एकाच नजरेत येतं, आणि एकही पायरी उतरावी लागत नाही. खालच्या पायऱ्या रुंद आणि कमी उंचीच्या आहेत, तरी कठडा सगळीकडे नाही आणि पाऊस झाला की स्लेट निसरडी होते. ओलं असेल तर खाली नेऊ नका. जायच्या आधी तिकीटखिडकीवर सपाट वाटेबद्दल विचारा, ते नीट सांगतात.

बाबा चालणारे असतील तर त्यांना घराच्या मागे, उत्तरेला न्या. तिथे पूर्ण वेगळी बाग आहे, लुटियन्सच्या बागेहून दीडशे वर्षं जुन्या विचाराची. कोपलस्टोन वॉर बॅम्फील्ड हे चित्रकार-जमीनदार १७५० मध्ये इस्टेटीचे मालक झाले. त्यांनी घरामागच्या अरुंद दरीत तळी, मोठा धबधबा आणि झाडांतून मध्येच दिसणारी छोटी मंदिरं अशी निसर्गाला धरून बाग केली. स्टावरहेडच्या प्रसिद्ध बागेचे मालक हेन्री होर हे त्यांचे मित्र, आणि स्टावरहेडचा धबधबा बॅम्फील्ड यांनीच आखलेला. हेस्टरकूमची ही दरी पुढे झाडोऱ्यात गडप झाली होती. १९९० च्या दशकात गाळ काढून, झाडं तोडून ती पुन्हा मोकळी केली आणि १९९७ मध्ये लोकांसाठी उघडली.

दरीत चिखल असतो, बाबांना चांगल्या तळव्याचे बूट घालायला सांगा. मोठ्या धबधब्याच्या समोर बाक आहे, तिथवर गेलात तरी दरीचा बराचसा भाग बघून होतो.

---

पाणपोई

ताई, खूप खूप धन्यवाद. बाबांना सांगते, ते दरीचं ऐकून आत्ताच तयार होतील. आईला टेरेसवर चहा घेऊन बसवेन.